वेदनेचे दार

‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या संस्कृत धातूपासून आला आहे. ‘वेद’ आणि ‘विद्या’ हे शब्दही त्याच धातूचे. दुखणे म्हणजे काही जाणणे, हा त्यातील अर्थ शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही नेमका आहे.

तापलेल्या तव्याला बोट लागले की प्रथम तीक्ष्ण कळ येते. किंचित अवधीने आग होऊ लागते आणि ती रेंगाळते. या दोन वेदना दोन वेगळ्या मार्गांनी येतात. त्वचेतील मज्जातंतूंची सूक्ष्म टोके उष्णता, दाब वा इजा टिपतात. त्यांपैकी मेदाचे पातळ आवरण असलेले तंतू सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने संदेश नेतात. आवरण नसलेल्या बारीक तंतूंचा वेग जेमतेम २ मीटरपर्यंत असतो. बोट मात्र कळ जाणवण्यापूर्वीच मागे आलेले असते, कारण तो निर्णय मज्जारज्जू परस्पर घेतो. (मुख्य कार्यालयाच्या मंजुरीची वाट न पाहता शाखेनेच तातडीने कारवाई करावी, तसे!)

याच टोकांवरील एक प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सियसला उघडते. मिरचीतील कॅप्सेसिनही तेच प्रथिन उघडते. त्यामुळे मिरचीची ‘आग’ ही केवळ उपमा नव्हे. हे प्रथिन १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत ओळखले गेले आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

कोपर आपटले की आपण ते चोळतो, ते का? रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली असे मांडले की, मज्जारज्जूत जणू एक दार आहे. स्पर्शाचे संदेश आणणारे जाड तंतू जागे झाले की ते दार काहीसे मिटते. तपशिलांत पुढे बरीच दुरुस्ती झाली, तरी मूळ कल्पना टिकली. मेंदूही वरून हे दार लोटू शकतो. त्यासाठी लागणारी अफूसदृश द्रव्ये शरीर स्वतःच तयार करते, हे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ यांनी दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमी झालेले अनेक सैनिक मॉर्फिन मागत नव्हते, याचा उलगडा बहुधा येथेच आहे.

उलटही घडते. दुखणे फार काळ चालले तर मज्जारज्जूतील पेशी अतिसंवेदनशील होतात. जखम भरते, पण साधा स्पर्शही सलतो. तपासण्यांचे अहवाल निर्दोष आले म्हणून अशा रुग्णाला ‘मनाचे खेळ’ म्हणणे अन्यायाचे आहे.

आणि वेदना मुळीच नसेल तर? वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांच्या लक्षात आले की, रुग्णांची बोटे मुख्यतः रोगाने झडत नव्हती. बधिर हातांना भाजणे-कापणे कळत नसे आणि त्या दुर्लक्षित जखमांनीच बोटे जात. आज हेच संकट दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पावलांवर असते. चपलेतला खडा दिवसभर टोचत राहतो, पण कळत नाही. म्हणून तळवे रोज आरशात पाहावेत, अनवाणी चालू नये आणि वर्षातून एकदा तरी पावलांची तपासणी करून घ्यावी. डॉक्टर तळव्याला नायलॉनचा एक धागा टेकवतात आणि विचारतात, ‘कळले का?’ परीक्षा एवढीच असते.