मॅक घ्यायचा की विंडोज? पहिले गिऱ्हाईक कोण ते सांगा

मागच्या आठवड्यात अकोल्याहून एक पोरगा माझ्या अमरावतीच्या दुकानात आला. लग्नाचं मिक्सिंग करतो, दोन सीझन झाले. म्हणाला, "दादा, मॅक घेऊन टाकू का? पुण्यातले सगळे मॅकवरच करतात म्हणे."

मी म्हटलं, "ते राहू दे भाऊ. तुला काम कोण देतं?"

"तीन फोटोग्राफर. एक मूर्तिजापूरचा, दोन अकोल्यातले."

"त्यांना परत काय द्यावं लागते?"

"व्हिडिओ. पण दोघांना एडियसचं प्रोजेक्टपण लागते."

झालं, अर्धं उत्तर इथंच मिळालं. एडियस फक्त विंडोजवर चालते. आपल्याकडे लग्नाचं मिक्सिंग करणारे कितीतरी जण अजून एडियसवरच बसलेले आहेत. बाजारात जे तयार गाण्यांचे प्रोजेक्ट मिळतात, तेही बरेचसे त्याचेच. मॅकवर ही फाइल उघडणारच नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो, राजेहो. ॲपलनं नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप आणली. सगळीकडे तिचीच हवा होती. मीही पुढच्या दिवाळीत मॅक मिनी उचलला. तुळशीचं लग्न झालं, ऑर्डर सुरू झाल्या आणि मग लक्षात आलं की माझे गाण्यांचे सगळे प्रोजेक्ट जुन्या पीसीतच अडकले आहेत. एक जुनं गिऱ्हाईक आलं, टायटलमधलं फक्त आजोबांचं नाव बदलायचं होतं. तेवढ्यासाठी जुना पीसी काढून पुन्हा जोडला. मॅक दोन महिने कापडाखाली झाकून होता, हप्ता मात्र चालू.

मोठमोठ्या लोकांचंही असंच झालं. जून २०११ मध्ये ॲपलनं फायनल कट प्रो एक्स आणलं, तर त्यात आधीच्या ७ नंबरच्या व्हर्जनचे प्रोजेक्ट उघडेनात. मल्टिकॅमही सुरुवातीला नव्हतं. कित्येक एडिटर जुन्यावरच थांबले. २०२० मध्ये सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला कोरियन 'पॅरासाइट' त्याच जुन्या फायनल कट ७ वर एडिट झाला होता!

मग मॅक वाईट आहे का? बिलकुल नाही. पण तो कुठं भारी पडतो ते समजून घ्या. सोनी ए७ फोरसारखे नवे कॅमेरे एच.२६५ मध्ये १० बिट, ४:२:२ शूट करू शकतात. त्यात रंगाची माहिती जास्त असते, म्हणून फाइल उलगडायला कॉम्प्युटरचा घाम निघतो. एम१ पासूनच्या मॅकमध्ये हे काम चिपमध्येच होते, टाइमलाइन लोण्यासारखी सरकते. विंडोजमध्येही होते, पण नीट निवडलं तर. इंटेलच्या डेस्कटॉपला ११व्या जनरेशनपासून पुढं, आणि प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स चालू पाहिजे. नावापुढं 'एफ' असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्यात हे ग्राफिक्सच नसते. असेंबल करताना पैसे वाचवायला हाच बसवून घेतात आणि मग "कार्ड महागाचं टाकलं तरी फुटेज अडकते" म्हणून रडतात. एनव्हिडियाच्या कार्डात ४:२:२ ची ही सोय थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० सिरीजमध्ये आली. तुमचे फोटोग्राफर साधं ८ बिट, ४:२:० देत असतील, तर हा पूर्ण परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

आता पैशाचं. एम४ मॅक मिनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा ५९,९०० रुपयांपासून होता, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज. रॅम नंतर वाढत नाही. २५६ जीबीत मोठं लग्न मावत नाही, म्हणून बाहेरची एसएसडी धरा, मॉनिटर वेगळा धरा. पीसीत मात्र या सीझनला रॅम, पुढच्या सीझनला कार्ड, असं तुकड्या-तुकड्यानं जमते. उलट मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर असतो, लाइटचा भरोसा नसतो. तेव्हा मॅक मिनी मोठ्या कार्डवाल्या पीसीपेक्षा कितीतरी कमी वीज खातो, यूपीएस जास्त वेळ टिकते. जीएसटी नंबर असेल तर १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट घ्या, आणि कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के मिळतो, हे सीएला आठवण करून द्या. मशीन कोणतंही असो!

दोन बारीक गोष्टी, पण ऐन डिलिव्हरीच्या दिवशी नडतात. एनटीएफएस हार्डडिस्क मॅक वाचतो, पण तिच्यात लिहीत नाही. दोन्हीकडे फिरवायची डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आधी डेटा काढून घ्या, नाहीतर मला फोन कराल). दुसरं, मराठी नावं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात बनवलेली टायटलं दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसला की अक्षरांचा कचरा होतात. युनिकोडमध्ये टाइप करा. प्रीमियरमध्ये जोडाक्षरं तुटली, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडा.

त्या पोराला मी विंडोजच घ्यायला सांगितलं, 'एफ' नसलेला इंटेल. सोबत दाविंची रिझॉल्वचं फ्री व्हर्जन टाकून दिलं. ते दोन्हीकडे चालते, त्यामुळे हात आत्तापासून बसेल.

जाताना दारात थांबला. "मग मॅक कधी घेऊ दादा?"

म्हटलं, "ते दोन अकोल्याचे प्रोजेक्ट मागायचं थांबवतील तेव्हा ये. आणि घेतलाच तर जूनमध्ये घे, लगनसराईच्या तोंडावर नको."