विश्लेषण : वाटाण्याचे बी मातीतच का कुजते?

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका वाटाण्यासाठी ओळखला जातो. तिथे हे पीक खरिपात पावसाच्या भरवशावर घेतले जाते. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली तर बी उगवत नाही आणि झोडपले तर ते कुजते. दोन्ही वेळा बियाण्याचा खर्च वाया जातो आणि दुबार पेरणी करावी लागते. दोष बियाण्याला दिला जातो, पण अनेकदा खरे कारण पहिल्या दोन-तीन दिवसांतील पाण्यात असते.

बी उगवताना नेमके काय होते?

कोरडे बी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके पाणी शोषते, मग त्यातील जीव जागा होतो. या क्षणापासून त्याला श्वासासाठी हवा लागते. घरात उसळीसाठी वाटाणे रात्रभर भिजवून, उपसून, फडक्यात बांधले की मोड येतात. तेच पाण्यात ठेवले तर आंबूस वास सुटतो. शेतातही असेच आहे. वाफशावर पेरलेल्या बियाला ओल आणि हवा दोन्ही मिळतात. चिखलात फक्त पाणी मिळते.

गोड वाटाणा जास्त का कुजतो?

भाजीसाठीच्या अनेक वाणांचे, उदाहरणार्थ अर्केलचे, वाळलेले बी सुरकुतलेले असते. मेंडेलने १९व्या शतकात ज्या गुणधर्मांवर आनुवंशिकतेचे नियम मांडले, त्यातला हा एक. स्टार्च तयार करणाऱ्या एका विकराचे जनुक बिघडल्याने हे घडते, हे १९९० मध्ये स्पष्ट झाले. या दाण्यांत स्टार्च कमी आणि साखर जास्त असते, म्हणून ते गोड लागतात. मात्र कोरड्या बियात पाणी झपाट्याने शिरले की पेशींची आवरणे फाटतात आणि ही साखर मातीत पाझरते. पिथियमसारख्या बुरशीला आयते खाद्य मिळते. साल तडकलेली असेल तर नुकसान आणखी वाढते.

तापमान किती हवे?

वाटाणा थंड हवामानाचे पीक आहे. मातीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर कोंब साधारण आठवड्याभरात वर येतो. १० अंशांना जवळपास दोन आठवडे लागतात आणि तेवढा जास्त काळ बी बुरशीच्या तावडीत राहते. ३० अंशांच्या पुढे उगवण घटते आणि ३५ अंशांना जवळजवळ थांबते. त्यामुळे रब्बीची पेरणी ऑक्टोबरच्या कडक उन्हात उरकण्याची घाई महागात पडू शकते.

बियाणे चांगले आहे हे कसे ओळखावे?

प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७५ टक्के उगवणीची अट आहे. म्हणजे नियमात बसणाऱ्या पिशवीतही १०० पैकी २५ दाणे न उगवण्याची शक्यता असते. पेरणीआधी घरीच चाचणी घ्यावी. न निवडता घेतलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीत ठेवावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, ओल टिकवावी आणि आठव्या दिवशी निरोगी कोंब मोजावेत. ७५ ऐवजी ६० निघाले, तर बियाणे सव्वापट लागेल. त्याहून फारच कमी निघाले तर ते बियाणे न पेरलेलेच बरे.

पेरताना काय काळजी घ्यावी?

जमीन कोरडी असेल तर आधी पाणी द्यावे आणि वाफसा आल्यावर पेरावे. कोरड्यात पेरून वरून भरपूर पाणी सोडू नये. भारी जमिनीत सुमारे ३, तर हलक्या जमिनीत ५ सेंटिमीटर खोली पुरते. पाणी साचणाऱ्या रानात सरी-वरंबा करून वरंब्यावर पेरणी करावी. बुरशीनाशकाची प्रक्रिया लेबलवरील प्रमाणात आधी करावी, रायझोबियम जिवाणू संवर्धक शेवटी चोळावे. प्रक्रिया केलेले बी खाण्यासाठी कधीही वापरू नये.

कुंडीत लावायचे असेल तर?

फ्रोजन मटार लावून उपयोग नाही. गोठवण्याआधी ते गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढलेले असतात, त्यामुळे त्यांतील जीव गेलेला असतो. किराणा दुकानातले वाळलेले वाटाणे उगवू शकतात, पण जुने असतील तर भरवसा नाही. दाणे ओल्या फडक्यात ठेवून मोड दिसताच, मोड न मोडता, कुंडीत लावावेत. कुंडीला तळाशी भोक हवेच. लावताना एकदा पाणी द्यावे; नंतर माती बोटाला ओलसर लागत असेल तर कोंब वर येईपर्यंत पुन्हा पाणी घालू नये.