सोडलं... की काढून टाकलं?

डिसेंबर 2008. मंदीचे दिवस. मालाडच्या ऑफिसात आमच्या परदेशातल्या बॉसचा फोन आला. आवाज एकदम मधाळ. म्हणाला, 'वुई हॅव टू लेट यू गो.' मी खूश! म्हटलं, आज लवकर सोडतायत. 'थँक्यू सर' म्हणून बॅग उचलली आणि दुपारची विरार लोकल पकडली. चक्क विंडो सीट! विरारकरांना त्याची किंमत सांगायला नको.

घरी आईनं विचारलं, 'इतक्या लवकर?'

'सोडलं आज.'

दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड चालेना तेव्हा कळलं, कायमचंच सोडलं होतं.

'लेट' माहीत होतं, 'गो' तर बालवाडीपासून पाठ. पण दोन्ही एकत्र आले की नोकरी जाते, हे आम्हा मराठी मीडियमवाल्यांना कोण सांगणार? खरं तर आपणही हेच करतो. 'बोललो' आणि 'बोलून बसलो' यात केवढा फरक! बोलून बसणारा उभा असला तरी चालतं. इंग्रजीत ही करामत ऑफ, आउट, अप असले टिचभर शब्द करतात. म्हणून सुटे शब्द घोकू नका, जोडी अख्ख्या वाक्यासकट लक्षात ठेवा.

आणि गोड बोलणं? आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. दुकान बंद करत नाही, तेही वाढवतो. माणूस मेला म्हणत नाही, 'गेला' म्हणतो. 'पास्ड अवे' त्यातलंच.

पण 'पास्ड आउट' जपून हं! 'आय पास्ड आउट इन 2005' हे आपल्याकडे पदवीधराचं वाक्य. लंडनवाल्याला वाटेल, बेशुद्ध पडला होता. 'नॉक अप' तर त्याहून डेंजर. ब्रिटनमध्ये त्याचा एक जुना अर्थ दार ठोठावून उठवणं, अमेरिकेत मात्र गरोदर करणं. सकाळच्या शिफ्टच्या सहकारी मुलीला हे वाक्य चुकूनही म्हणू नका!

इंटरव्ह्यूत कामाला येईल असं एक सांगतो. 'फायर्ड' म्हटलं की बोट तुमच्याकडे. 'लेड ऑफ' म्हणजे कंपनीकडेच काम किंवा पैसा नव्हता. 'लेट गो' दोन्हींवर पांघरूण घालतं, म्हणून कारण स्वतःच सांगून मोकळे व्हा. मी 2009 मध्ये 'लेड ऑफ' म्हणालो, पुढचा प्रश्न आला नाही.

गेटवरून परतलो त्या दिवशी आईला बॉसचं वाक्य नीट समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं.

'म्हणजे काढून टाकलं.'

'हो.'

'मग तसं सांगायचं की त्यानं! आणि तू थँक्यू म्हणालास?'