काकांचा उत्तरार्ध

भाऊबीजेच्या रात्री आमच्याकडे ‘अशी ही बनवाबनवी’ लागतो. वसमत तालुक्यातलं गाव. ओसरीत सोयाबीनचे कट्टे रचलेले, त्यांच्यावर लेकरं चढून बसलेली. खाली सतरंजीवर आत्या, जावई, सुना. आज्जीची खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढ्यात. तिला ऐकू कमी येतं, पण त्यानं काही अडत नाही. संवाद पाठ आहेत.

पहिल्यांदा पाहिला तो भाड्याच्या व्हीसीआरवर. रंगीत टीव्ही गोधडीत गुंडाळून बैलगाडीतून आला होता. एका रात्रीत तीन पिक्चर उरकून भाडं वसूल करायचं, असा हिशेब. आता भाचा मोबाइलवरून लावून देतो. रेंज गेली की चित्र थिजतं, पण गोष्ट थांबत नाही. पुढचं ओसरीच बोलून टाकते.

हे पाहणं म्हणजे निम्मं भजनच. अशोक सराफांचा शब्द फुटायच्या आधी हशा येतो. सुधीर जोशींचा घरमालक सत्तर रुपयांचा विषय काढणार, तोवर उत्तर देऊन झालेलं असतं. कुणी शब्द चुकला तर टाळ चुकल्यासारख्या माना वळतात.

सचिन पिळगावकरांनी हा चित्रपट केला १९८८ साली, लिहिला वसंत सबनीसांनी. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ची. तरी आम्हाला तो पुण्याचाच वाटतो, कारण त्यातल्यासारखं पुण्यात एकट्या पोरांना खोली न मिळणं आमच्या घरातल्या तिघांनी भोगलंय. मोठा पुतण्या त्या प्रसंगाला हसत नाही. पायाची नखं बघत बसतो.

आणि काका. खोलीसाठी बाई झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंची लुगड्यातली ‘पार्वती’ नुकती घरात स्थिरावते, की काका बॅटरी आणि काठी घेऊन उठतात. मोटारीची लाईट रात्रीची. हळदीला पाणी द्यायचं, ठिबकचे कॉक फिरवायचे. कधी हळद, कधी गव्हाचं ओलवण, कारण बदलतं. पहाटे चिखलाच्या पायांनी येतात तेव्हा ओसरी झोपलेली असते. इतक्या वर्षांत त्यांनी पूर्वार्ध किती वेळा पाहिला याची गणती नाही. उत्तरार्ध एकदाही नाही. पडद्यावरच्या चौघा मित्रांपैकी बेर्डे आणि सिद्धार्थ रे २००४ मध्ये गेले, तेव्हाही काकांच्या लेखी ते चौघे पकडले जाण्याच्या भीतीतच अडकलेले होते.

गेल्या दिवाळीत लाईटची पाळी दिवसाची आली. काका बसून राहिले. पार्वतीचं डोहाळजेवण सुरू झालं. आम्ही सवयीनं आधीच हसून घेतलं, ओसरी क्षणभर शांत झाली, आणि मग एकटे काका हसले. गुडघ्यावर थापा मारत, डोळे पुसत. कट्ट्यांवरची लेकरं टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघायला लागली. पुतण्यालाही हसू आवरेना.

आज्जी मागं वळली. “हळू हास की रे, धाकटं आत्ताच झोपलंय.”

“व्हय माय,” काका म्हणाले, “पण मला कुणी सांगितलं का नाही?”