अण्वस्त्रप्रसार : धाक आणि धोका

अण्वस्त्रे जितक्या अधिक राष्ट्रांच्या हाती जातील तितके जग असुरक्षित होईल, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकन अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९८१ मध्ये याच्या नेमका उलट विचार मांडला. अण्वस्त्रांचा सावकाश होणारा प्रसार शांततेला पोषकच ठरेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते घाईने झिडकारण्याजोगे नाही.

त्यांचा युक्तिवाद व्यापाऱ्यास सहज उमजावा असा आहे. ज्या व्यवहारात लाभ थोडा आणि सर्वस्व बुडण्याचे भय, त्यात शहाणा माणूस पडत नाही. अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात चार दशके हाडवैर होते. तरी त्यांचे थेट युद्ध झाले नाही.

युक्रेनचे उदाहरणही याच बाजूने दिले जाते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर आपल्या भूमीवर राहिलेली अण्वस्त्रे त्या देशाने रशियाच्या स्वाधीन केली. त्या संदर्भात १९९४ मध्ये बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर राखण्याचे वचन दिले. पुढे २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि २०२२ मध्ये सर्वंकष आक्रमण केले. वचनचिठ्ठी वटली नाही!

वॉल्ट्झ यांना उत्तर दिले स्कॉट सेगन यांनी. अस्त्रे सांभाळते ती माणसांची यंत्रणा, आणि यंत्रणा चुकते, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. बँकेत आयुष्य घालवलेल्या मला तो पटतो. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे, प्रत्येक नोंदीची फेरतपासणी. तरीही एखाद्या संध्याकाळी रोकड जुळत नसे. कोणी अप्रामाणिक नसे, केवळ थकलेले असत. आमची चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होई. अण्वस्त्रांच्या वहीत चूक दुरुस्त करण्यास दुसरा दिवस नाही.

२६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत इशारा-यंत्रणेने अमेरिकन क्षेपणास्त्रे सुटल्याचे दर्शविले. कर्तव्यावरील अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तो इशारा खोटा मानला आणि तो खोटाच निघाला. मार्च २०२२ मध्ये भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात कोसळले. सुदैवाने त्यात स्फोटके नव्हती आणि प्राणहानी झाली नाही. चौकशीअंती हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले.

कारगिलचा दाखला तर दोन्ही पक्ष देतात. मे १९९८ मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या आणि वर्षभरात युद्ध पेटले. म्हणजे अणुबॉम्बने युद्ध टळले नाही. मात्र ते मर्यादित राहिले, असे प्रसाराचे समर्थक सांगतात.

या लढाईत निराशेचे कारण नाही. १९७० च्या दशकात पंधरा ते पंचवीस राष्ट्रांकडे अण्वस्त्रे असतील, अशी भीती राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६३ मध्ये व्यक्त केली होती. आज ती नऊ राष्ट्रांकडे आहेत. १९६८ च्या प्रसारबंदी कराराचा यात वाटा आहे. तो भेदभावाचा आहे, ही भारताची तक्रार रास्तच. परंतु पाचांनी अस्त्रे ठेवली म्हणून पन्नासांनी ती घ्यावीत, हा त्यावरील उपाय नव्हे. दक्षिण आफ्रिकेने तर तयार केलेले सहा बॉम्ब स्वतःहून मोडून टाकले.

वाचकहो, धाकाने शांतता राहते हे क्षणभर मान्य केले, तरी प्रत्येक नव्या अण्वस्त्रधारी राष्ट्रासोबत चुकीची एक नवी जागा निर्माण होते. म्हणून प्रसार थांबलाच पाहिजे. मात्र जो शस्त्र खाली ठेवील त्याला दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी बलवानांची आहे. ती टाळली गेली, तर उद्या शस्त्र खाली ठेवण्यास कोण धजेल?