काचेआडचा सीलाकँथ

दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन शहराच्या संग्रहालयात सुमारे दीड मीटर लांबीचा, पेंढा भरलेला एक मासा आहे. त्याचे नाव सीलाकँथ. हे मत्स्यकुल साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले, असा शास्त्रज्ञांचा समज होता. २२ डिसेंबर १९३८ रोजी संग्रहालयाच्या तरुण अभिरक्षक मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना मासेमारी जहाजावरील ढिगात त्याचा निळा पर दिसला. प्रा. जे. एल. बी. स्मिथ यांनी तो ओळखला आणि दुसऱ्या नमुन्यासाठी १०० पौंडांचे बक्षीस लावले. तो मिळण्यास १९५२ साल उजाडले. कोमोरो बेटांवरील कोळी त्याला ‘गोंबेसा’ म्हणत. खाण्यास निरुपयोगी म्हणून त्याला भाव नव्हता. भाव आला तो संग्रहालयांमुळे!

आज संग्रहालयांत दिसतात ते सारे सीलाकँथ मृतच. कोणत्याही मत्स्यालयाला तो जिवंत सांभाळता आलेला नाही. खोल, थंड पाण्यातून वर आणला की काही तासांतच तो प्राण सोडतो. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने १९७५ मध्ये आपल्याकडील एका मादीचे विच्छेदन केले, तेव्हा तिच्या उदरात बरीच वाढ झालेली पाच पिले निघाली. मासा अंडी घालत नाही, पिलांना जन्म देतो, हे जगाला त्यावरून कळले. पंचेंद्रिय जीव जाणणाऱ्या जैन वाचकाला त्या ज्ञानाचे मोल निराळे वाटेल.

१९८७ मध्ये हान्स फ्रिके यांनी लहान पाणबुडीतून समुद्रातच त्याचे चित्रण केले. त्या चित्रफितीत तो डोके खाली करून, पाण्यात स्तब्ध तरंगताना दिसतो.