रिंगणीची धुरी आणि दातातला किडा

नांदेड-लातूरकडच्या शेतांच्या बांधावर भुईरिंगणी पसरलेली असते. जांभळी फुलं, पानापानावर काटे, आणि पिकली की पिवळी पडणारी गोटीएवढी फळं. दात ठणकू लागला की याच फळांचं वाळलेलं बी निखाऱ्यावर टाकायचं आणि नळीनं धूर दाढेपाशी न्यायचा, हा जुना उपचार. तोंडाला लाळ सुटायची, समोरच्या पाण्याच्या भांड्यात पांढुरके, वळलेले कण पडायचे आणि धुरी देणारा ते दाखवायचा: बघा, किडे पडले!

आता थक्क करणारी गोष्ट पाहा. युरोपात हाच प्रयोग खुरासानी ओव्याच्या बियांवर चालत असे. रिंगणी आणि खुरासानी ओवा, दोन्ही वांग्याच्याच कुळातल्या वनस्पती, आणि या दोघींच्या बियांत लांबट गर्भ अळीसारखा वळून बसलेला असतो. उष्णतेनं खुरासानी ओव्याचं बी फुटलं की तो बाहेर पडतो. 1597 मध्ये इंग्लंडच्या जॉन जेरार्डनं आपल्या वनस्पतिग्रंथात लिहून ठेवलं, की भोंदू दातकाढे तर वीणेसारख्या वाद्याच्या तारांचे तुकडे पाण्यात टाकून किडे म्हणून दाखवतात. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर दातातल्या किड्याची कथा आहे, सुश्रुतसंहितेत ‘कृमिदंत’ आहे. माणसाचा हा समज किती जुना आणि किती दूरवर पसरलेला!

धुरीनं बरं वाटायचं, हेही खोटं नाही. पोखरलेल्या दाताची नस सुजली की आत जागाच नसते, म्हणून ठणका असह्य होतो. काही दिवसांनी नस मरते आणि ठणका एकाएकी थांबतो. त्याच सुमारास कुणी धुरी दिली असेल तर श्रेय धुरीलाच. जंतू मात्र मुळातून खाली हाडाकडे सरकत राहतात. दातच काढला की त्यांचं घरही जातं, म्हणून आठवडी बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेसारख्या गर्दीत दात उपटून घेतलेल्या माणसाला खरंच आराम पडे. त्या उपटणाऱ्यांना केवळ फसवे म्हणणं मला पटत नाही. दुसरं होतं कोण?

खरा किडा कोण, ते बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलरनं 1890 च्या ग्रंथात मांडलं: तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड अन्नातून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. त्याच सुमारास, 1888-89 मध्ये, नांदेड आणि लातूर ज्या राज्यात होती त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, गुंगी आणणाऱ्या क्लोरोफॉर्मचे, जगाचं लक्ष लागलेले प्रयोग चालू होते. डॉ. एडवर्ड लॉरी यांनी त्यासाठी एकामागून एक दोन आयोग उभे केले आणि निजामानं त्यातल्या दुसऱ्यासाठी 1,000 पौंड दिले. रूपाबाई फर्दूनजी तिथेच क्लोरोफॉर्म देत. त्या जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानल्या जातात. गुंगी देण्याच्या या विद्येची ओळख जगाला करून दिली एका दंतवैद्यानं, बोस्टनच्या विल्यम मॉर्टननं, 16 ऑक्टोबर 1846 रोजी ईथर देऊन. इतकं सगळं हैदराबादेपर्यंत येऊन पोहोचलं होतं, आणि बाजारातला दात तसाच, भुलीविना निघत होता.

दंतवैद्यकाचं शिक्षण त्याहून सावकाश आलं. रफिउद्दीन अहमद अमेरिकेतल्या आयोवातून शिकून परतले आणि 1920 मध्ये त्यांनी कलकत्त्यात भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय 1933 चं. लातूरला बार्शी लाइटची आगगाडी 1911 मध्येच आली होती, पण शिकलेला दंतवैद्य गाठायला मुंबई लांबच होती.

29 मार्च 1948 रोजी भारतात दंतवैद्यांचा कायदा झाला, तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्याच अमलाखाली होती. ती भारतात आली त्याच वर्षी सप्टेंबरात. या कायद्यात एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. पदवी नसली तरी किमान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणाऱ्या माणसाला नोंदवहीच्या दुसऱ्या भागात नाव घालता येई. पदवीधर मोजकेच होते आणि दुखणारे दात गावोगाव.